वाघाचे भय आणि माकडाचा चावा

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की दवाखान्यात आजाराइतक्याच प्रवासाच्या चौकशा होऊ लागतात. पूर्वी आपल्याकडची मंडळी फार तर कोकणात नाहीतर गोव्याला जात आणि जाताना गाडी लागण्याच्या गोळ्या लिहून नेत. आता ताडोबा, पेंच, कान्हा, काझीरंगा ही नावे घरोघरी झाली आहेत. त्यामुळे हल्ली हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, "डॉक्टर, उघड्या जिप्सीत बसवून वाघ दाखवतात म्हणे. बरोबर सहा वर्षांचा मुलगा आहे, सासूबाई आहेत. न्यायचे का? जनावराचा काय भरवसा?"

प्रश्न रास्त आहे. वाघाची भीती वाटणे हे प्रकृती ठणठणीत असल्याचेच लक्षण मानायला हवे. मात्र सहलीहून परतलेल्या ज्या रुग्णांना मी आजवर तपासले, त्यांच्या दुखण्याचे कारण एकदाही वाघ नव्हता. माकड होते, आग्या मोहोळ होते, साप होता, ऊन होते, आणि सर्वांत अधिक वेळा गाडी चालवणाऱ्याला पहाटे लागलेली डुलकी होती. तेव्हा या भीतीची एकदा नीट वाटणी करू या. ज्याच्या वाट्याला जेवढी यायला हवी तेवढीच त्याला द्यावी.

जिप्सीतला माणूस आणि पायी चालणारा माणूस

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे आपल्या राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांतून सकाळी आणि दुपारी जिप्सी गाड्या आत सोडतात. गाडीत पर्यटक, चालक आणि वनखात्याकडे नोंद असलेला मार्गदर्शक. खाली उतरायचे नाही, ओरडायचे नाही, ठरलेला रस्ता सोडायचा नाही, एवढ्या साध्या नियमांवर हा सारा कारभार चालतो. वाघ रस्त्यावर येतो, गाड्यांच्या पुढून चालत जातो, कधी दहा-पंधरा पावलांवरच्या पाणवठ्यात मागचे अंग बुडवून बसतो आणि जांभई देतो. गाडीतली माणसे श्वास रोखून पाहतात. असे वर्षानुवर्षे चालले आहे, आणि जिप्सीत बसलेल्या पर्यटकाला ताडोबात वाघाने ठार केल्याची घटना माझ्या वाचनात नाही.

अभ्यासक याची जी कारणे सांगतात ती पटण्यासारखी आहेत. वाघाचे भक्ष्य चार पायांवर चालणारे: चितळ, सांबर, रानडुक्कर, गवा. गाडी आणि तीत बसलेली माणसे त्याला सुटी सुटी दिसत नाहीत. ती सगळी मिळून एक मोठी, घरघरणारी, पेट्रोलचा वास येणारी वस्तू वाटते. ही वस्तू खाण्याजोगी नाही आणि वाटेला गेली नाही तर त्रासही देत नाही, हे बछडे आईच्या मागे हिंडतानाच शिकतात.

आता त्याच जिल्ह्याची दुसरी बाजू पाहा. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्याच कोलारा भागात वाघांच्या गणतीच्या कामाला पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ओढून नेले. राजस्थानातील रणथंबोर हेही असेच पर्यटकांनी गजबजलेले जंगल. एप्रिल २०२५ मध्ये तेथील त्रिनेत्र गणेशाचे दर्शन घेऊन घरच्यांबरोबर परतणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला वाघाने उचलले. मंदिराची वाट जंगलातूनच जाते.

वाघ तेच आणि जंगलही तेच. फरक आहे तो माणूस कसा, कोठे आणि कोणत्या वेळी होता याचा. मोहफुले वेचायची ती पहाटे, झाडाखाली, खाली वाकून. तेंदूची पाने तोडायची ती झुडपात बसून किंवा ओणवे होऊन, उन्हे वर येण्याच्या आत. उभा माणूस वाघाच्या ओळखीचा असतो आणि बहुतेक वेळा वाघच बाजूला होतो. झुडपाआडून दिसणारी वाकलेली पाठ मात्र त्याला माणसाची वाटत नाही. शिवाय या दिवसांत अशा कामाला शेकडो माणसे एकाच वेळी रानात शिरतात, कारण पोटासाठी दुसरा इलाज नसतो. "वाघ काही करत नाही हो, उगीच बदनाम केलाय" असे सहलीहून आलेली मंडळी सांगतात, तेव्हा मी गप्प बसतो. त्यांनी पाहिलेला वाघ खराच तसा असतो. सिंदेवाहीच्या बायकांनी पाहिलेला वाघही तितकाच खरा.

याचा अर्थ गाडी म्हणजे किल्ला असेही समजू नये. १५ ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात सफारीच्या गाडीत बसलेल्या एका शाळकरी मुलाला बिबट्याने खिडकीतून पंजा मारला. जखम किरकोळ होती, मुलगा वाचला. तेव्हा हात, डोके, छायाचित्रकाराची लांब नळी, यांतले काही बाहेर लोंबू देऊ नये. लहान मुलांना कडेला न बसवता दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसवावे. सहा वर्षांचे मूल तीन-चार तास चूप बसू शकते का, हे आईलाच ठाऊक. बसू शकत नसेल तर आणखी दोन वर्षांनी न्यावे, वाघ कोठे जात नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मला वाघाची चिंता वाटत नाही, लघवीची वाटते. हे ऐकून लोक हसतात, पण गाडीतून खाली उतरण्याची गळ मार्गदर्शकाला घातली जाते ती बहुतेक याच कारणासाठी. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे, मधुमेही, प्रोस्टेटचा त्रास असलेले वृद्ध यांना तीन-चार तास गाडीत बसणे जड जाते. मग काही जण आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा उन्हात न पिता बसणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. यावर उपाय सोपा आहे. सकाळची गोळी सफारीवरून आल्यावर घेतली तर चालेल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, पाणी घोट घोट पण सतत प्यावे, आणि आतमध्ये थांबण्याची व स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे हे मार्गदर्शकाला आधीच विचारावे. झुडपाआड जाऊन येतो म्हणणाऱ्याला मार्गदर्शक नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नये.

गवत खाणारे गरीब असतात का?

वाघाला पाहून जो माणूस गाडीत अंग चोरून बसतो, तोच हत्ती दिसला की खाली उतरून जवळ जातो. हत्ती म्हणजे गणपती आणि गवा म्हणजे रानातली म्हैस, अशी आपली समजूत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतील वालपराईच्या रस्त्यावर हत्ती आडवा उभा होता. बाकीची वाहने थांबली, पण मोटरसायकलवरून आलेला एक वृद्ध जर्मन पर्यटक पुढे निघाला आणि हत्तीने त्याचा जीव घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकातील बंडीपूरच्या रस्त्यावर हत्तीजवळ जाऊन स्वतःचे छायाचित्र काढू पाहणारा एक जण हत्तीच्या पायाशी पडूनही वाचला. पुढे वनखात्याने त्याला पंचवीस हजार रुपये दंड केला. हत्तीपुढे पळून माणूस जिंकत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आपल्या कोयना, चांदोली, दाजीपूरच्या रानांत हत्ती नाही, पण गवा आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन आठशे ते हजार किलो भरते. तो स्वतः होऊन माणसाच्या वाटेला जात नाही. कोंडला गेला, घेरला गेला की मात्र सरळ अंगावर येतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा शिरला तेव्हा काय झाले ते अनेकांना आठवत असेल. शेकडो माणसे मागे धावली आणि शेवटी धावपळीने, भीतीने गवाच मेला. घाटात गवा दिसला तर गाडीचे दिवे मंद करून थांबावे, भोंगा वाजवू नये, त्याला जायला वाट द्यावी.

मुले अमेरिकेत असलेले आपल्याकडचे पुष्कळ आईवडील तिकडे गेले की यलोस्टोनचे उद्यान पाहून येतात. तेथील हिशेब बोलका आहे. १८७२ साली स्थापन झालेल्या या उद्यानात अस्वलाने मारलेली माणसे आजवर सगळी मिळून आठ. पाण्यात बुडून मेलेली शंभराहून अधिक, आणि उकळत्या पाण्याच्या कुंडांत भाजून मेलेली वीसच्या वर. माणसांना जखमी करण्यात तिथला पहिला क्रमांक बायसनचा, म्हणजे रेड्यासारख्या दिसणाऱ्या शाकाहारी प्राण्याचा. अस्वलापासून शंभर वार आणि बायसनपासून पंचवीस वार दूर राहा, असा तिथला नियम आहे. अस्वलाच्या जवळ जाण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही, बायसनच्या मात्र करतात.

माकड

आता ज्या प्राण्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते त्याकडे येतो. पसरणीच्या घाटात, महाबळेश्वरच्या पॉईंटांवर, माथेरानला, वणीच्या सप्तशृंगी गडावर, सगळीकडे माकडे आहेत आणि सगळीकडे त्यांना खाऊ घालणारी माणसे आहेत. भाजलेले कणीस, चणे, केळी, बिस्किटे. त्यात मारुतीचे रूप म्हणून आजीबाईंची श्रद्धा, आणि मुलांची हौस. माकड हाताला चावते ते बहुतेक वेळा त्या हातात खाण्याची वस्तू असते म्हणून, किंवा पूर्वी असायची म्हणून. पिशवीचा कागदी आवाज आला की ते धावते. आपण दात दाखवून हसतो तेव्हा माकडांच्या भाषेत ती धमकी असते. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे हेही तसेच. पिशवीला झोंबले तर ओढाताण न करता पिशवी सोडून द्यावी. दहा रुपयांच्या वेफर्ससाठी पाच इंजेक्शने हा सौदा परवडणारा नाही.

माकडाच्या चाव्याला लोक किरकोळ समजतात, कारण रेबीज म्हणजे पिसाळलेला कुत्रा, एवढेच आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. रेबीजचा विषाणू कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश आपल्या देशात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू कुत्र्यामुळे होतात हे खरे. माकडापासून रेबीज होणे विरळा. पण एकदा लक्षणे सुरू झाली की हा रोग जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक आहे, आणि चावणारे माकड पुढे दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवून ते पिसाळले की नाही हे पाहणे कोणाला शक्य नाही. म्हणून माकडाने चावले, किंवा नखाने ओरबाडून रक्त आले, तर लस घ्यायचीच.

एका कुटुंबातील आठवीतला मुलगा माझ्याकडे आला तो चावा बसल्यानंतर पाचव्या दिवशी. घाटात माकडाने दंडाला चावले होते. सहल मोडू नये म्हणून वडिलांनी हळद दाबली आणि पुढे तीन मुक्काम केले. घरी आल्यावर आजीने आग्रह धरला म्हणून दवाखाना. वडील म्हणाले, "आता पाच दिवस झालेच आहेत, तर लस घेऊन काय उपयोग?" हा प्रश्न मी फार वेळा ऐकतो आणि याचे उत्तर सर्वांनी ध्यानात ठेवावे. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेहून मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. लक्षणे दिसण्यापूर्वी लस केव्हाही सुरू केली तरी उपयोग असतो. उशीर झाला म्हणून लस टाळणे ही मोठीच घोडचूक. त्या मुलाला लस दिली, जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही दिले. तो आज महाविद्यालयात आहे.

चावल्याबरोबर करायचे काम मात्र लशीहून साधे आणि तितकेच महत्त्वाचे. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. बहुतेक जण दोन मिनिटांत उरकतात. साबणाने हा विषाणू मरतो. हळद, तिखट, चुना, माती, तंबाखू यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये आणि टाके घालण्याची घाई करू नये. नंतर सरकारी रुग्णालय गाठावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती आता जुनी झाली. ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आता दंडात घ्यायची पाच इंजेक्शने असतात. पहिले ज्या दिवशी घेतले तो शून्य दिवस धरून पुढची तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी रुग्णालयात कातडीत टोचण्याची पद्धत असेल तर चार भेटींत काम होते. रक्त आलेल्या जखमेला याशिवाय इम्युनोग्लोब्युलिन लागते, ते आपण होऊन विचारावे. पहिले इंजेक्शन महाबळेश्वरला घेतले आणि दुसरे कोल्हापुरात, असे चालते. कागद तेवढा जपून ठेवावा. ज्यांनी पूर्वी कधी पूर्ण मात्रा घेतली असेल त्यांना दोनच इंजेक्शने पुरतात, म्हणून जुने कागदही फेकू नयेत.

आग्या मोहोळ

गडकिल्ल्यांवर जाणाऱ्या तरुण मंडळींना मी वाघ-बिबट्यांविषयी काही सांगत नाही, मोहोळाविषयी सांगतो. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांना, जुन्या बुरुजांना, अजिंठ्यासारख्या लेण्यांच्या कपाऱ्यांना आग्या माशांची परातीएवढी मोहोळे लटकलेली असतात. एकेका मोहोळात हजारो माश्या. कोणी दगड मारला, खाली चूल पेटवली, बिडी ओढली, फटाका वाजवला की त्या उठतात. कित्येकदा माणसाचा काहीच दोष नसतो. मोहोळाच्या पोळ्यावर शिकारी पक्षी झडप घालून निघून जातो आणि खाली उभ्या असलेल्या सहलीला त्याचे फळ मिळते.

माशी डंख मारते तेव्हा नांगी तेथेच तुटून राहते आणि तिच्याबरोबर एक वास सुटतो. तो वास इतर माश्यांना त्याच जागी बोलावतो. म्हणून एकाच्या मानेवर दहा आणि शेजाऱ्याला एकही नाही असे घडते. माश्या उठल्या की जागीच हात झटकत उभे राहू नये. चेहरा व मान पदराने, टॉवेलने, शर्टाने, मिळेल त्याने झाकावी आणि पळावे, शक्य तर गाडीत किंवा दार लावता येईल अशा खोलीत शिरावे. मात्र गडाच्या कड्यावर डोळे झाकून पळू नये. माशीच्या डंखापेक्षा दरीत पडण्याने माणूस लवकर मरतो. पाण्यात उडी मारण्याचा सल्ला चित्रपटात ठीक. माश्या वर घिरट्या घालत राहतात, आणि पोहता न येणारा बुडतो.

सुरक्षित जागी आल्यावर नांगी काढायची ती लगेच. नखाने खरवडून की चिमट्याने, यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये, कारण नांगीला जोडलेली विषाची पिशवी काही सेकंद आत विष सोडतच असते. मग थंड पाण्याची पट्टी. एक-दोन डंखांनीच ज्याचे ओठ-डोळे सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, दम लागतो, चक्कर येते, त्याला ॲलर्जीचा तीव्र झटका आला आहे असे समजावे. त्याला मिनिटांचा हिशेब असतो. मांडीत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते, म्हणून वाटेत जो पहिला दवाखाना लागेल तेथे थांबावे. दुसरा प्रकार म्हणजे अनेक डंख. पन्नासाच्या वर डंख असतील तर रुग्णाला बरे वाटत असले तरी एक-दोन दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे. विषाने स्नायूंतल्या व रक्तातल्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लघवी कमी होणे, लालसर किंवा काळ्या चहासारखी होणे ही त्याची खूण. अशा वेळी घरी नेऊन झोपवलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा येतो तो बऱ्याच बिघडलेल्या अवस्थेत.

साप, विंचू आणि गोचीड

देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असे २००० ते २०१९ या वीस वर्षांच्या अभ्यासातून दिसले. यांतही बहुतेक खेड्यांत राहणारे, शेतात राबणारे. पर्यटकाचा वाटा थोडा. पण अलीकडे शेताकडेच्या तंबूत, कौलारू झोपडीत मुक्काम करण्याची आवड वाढली आहे, त्यामुळे चार शब्द सांगतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार मुख्य विषारी साप. यांतली मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा ना कळ येते ना सूज. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. लोक म्हणतात रात्रीचे जेवण बाधले. तंबूत मुक्कामाला असताना कोणाच्या पापण्या अशा उतरल्या तर पोटाचे औषध देत बसू नये. झोपायचे ते खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. रात्री बाहेर जाताना बूट आणि बॅटरी.

साप चावल्यावर दोरी आवळणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे, मंत्र घालणे हे सगळे वेळेचे आणि अवयवाचे नुकसान आहे. हात किंवा पाय फळी-काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, चालवू नये, धीर द्यावा आणि रुग्णालयात न्यावे. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये, उपचार लक्षणांवरून होतात.

कोकणात उतरणाऱ्यांनी लाल विंचू ओळखून असावे. त्याच्या दंशाने दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे झाले तर हृदयावर परिणाम होत आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी यावर वापरून दाखवली आणि पूर्वी जेथे पटापट माणसे मरत तेथे ती वाचू लागली. या कामाची दखल जगभर घेतली गेली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, हा आपल्या आजोबांचा नियम अजून उत्तम.

तिलारी, दोडामार्ग, सत्तरी या बाजूला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी माकडतापाचे नाव ऐकून ठेवावे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा रोग २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात फैलावला होता. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, वनखात्याला कळवावे. पानांच्या ढिगावर बसू नये, आणि परतल्यावर काखा, जांघा, केसांची मुळे तपासावीत. सहलीनंतर आठवडाभरात थंडी वाजून ताप, कमालीची अंगदुखी व डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना कोठे जाऊन आलात हे सांगावे. आम्ही विचारले नाही तरी सांगावे. पावसाळ्यात पायाला चिकटणाऱ्या जळवांना मात्र लोक उगीच घाबरतात. त्या पोटभर पिऊन आपणच गळून पडतात.

कृष्णाकाठच्या देवदर्शनाला जाणाऱ्यांसाठी एक ओळ. औदुंबर-भिलवडीच्या बाजूला नदीत मगरी आहेत. तेथे जाळीबाहेर किंवा निर्जन जागी स्नान करू नये, विशेषतः दिवस मावळताना.

आता डुलकीविषयी. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. इथून ताडोबा जवळपास आठशे किलोमीटर. रात्रभर गाडी चालवून पहाटेच्या सफारीला पोचायचे असा बेत अनेक जण करतात, म्हणजे एक मुक्काम वाचतो. वाघ पाहायला न्यावे का म्हणून विचारणाऱ्या त्या वहिनींना मी शेवटी एवढेच विचारले, की गाडी कोण चालवणार आणि आदल्या रात्री तो कोठे झोपणार. नागपूरपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे दिवसाउजेडी गाडी करा, असे सांगितले. आपत्काळी रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यभर चालतो, पण जंगलात मोबाइलला आवाज मिळेलच असे नाही. म्हणून मुक्कामी पोचल्यावर चहा घेण्याआधी तिथल्या व्यवस्थापकाला जवळचे सरकारी रुग्णालय कोठे, तेथे सापाचे प्रतिविष आणि रेबीजची लस आहे का, आणि रात्री गाडी मिळते का, हे विचारून एका कागदावर लिहून ठेवावे.